ती नुसती गरमी होती, महाराजा

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन वर्ष उलटलं आणि मी आज लिहायला बसले, कारण दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. लॅबमध्ये आमच्या स्फटिकातून पुन्हा सिग्नल आला. आणि जिन्यात परबकाकांनी गाठून विचारलं, "गणपती तोंडार इले. यंदा गाऱ्हाणा कोण घालतलो?"

गेल्या वर्षी कुणीच घातलं नाही. आरती झाली, प्रसाद वाटला, माणसं पांगली. चारकोपच्या आपल्या सोसायटीत सगळ्यांच्या वतीने गणपतीशी मालवणीत मोठ्याने बोलणं ही तुमचीच मक्तेदारी होती ना? दुसऱ्या कुणाला कधी शिकू दिलंत?

किती छळायचात लोकांना! तुमचं वाक्य संपलं की पार्किंगमध्ये गणपतीपुढे जमलेल्या सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं, तेही एकदम. शाहकाका हमखास मागे राहायचे, "होय महाराज" असं शुद्ध म्हणत. मग देवासमोरच त्यांना झापायचात, "एकदम येवंदे, शाहभाई. हो काय भाजीबाजार नाय." पण एखाद्या वेळी खरंच सगळे एकदम म्हणायचे, तेव्हा पार्किंगचं छत घुमायचं. होती त्याच्या कितीतरी पट माणसं तिथे उभी आहेत असं वाटायचं.

माझं काम तुम्हाला समजावताना मला तेच हाताशी आलं. आमच्या स्फटिकातला प्रत्येक रेणू म्हणजे एक इवलासा चुंबक. भयंकर थंडीत ते सगळे एका दिशेला तोंड करून हट्टाने बसतात. बाहेरून उलटा जोर लावत गेलं की एका क्षणी धडाधड फिरतात आणि ऊर्जा सुटते. जो तो आपल्या वेळेने बोलला तर तिची नुसती गरमी होते. सगळे एकदम "व्हय" म्हणाले, तर मायक्रोवेव्हचा जोरदार लोट बाहेर पडायला हवा. तो घुमावा म्हणून स्फटिक तांब्याच्या डबीत ठेवायचा, नेमक्या मापाच्या. "म्हंजे पार्किंग," तुम्ही म्हणालात. हो बाबा, पार्किंग.

मग पहिल्यांदा सिग्नल दिसला आणि मी घरी बोलून बसले. तुम्हाला दम कुठला धरवतोय? त्या गणपतीत लेकीच्या स्फटिकाचं भर गाऱ्हाण्यात जाहीर करून टाकलंत, "बा देवा महाराजा, माझ्या चेडवाचो खडो बोललो रे महाराजा!" आईने पेढे वाटले. शेजारच्या मावशींनी त्यांचा बिघडलेला मायक्रोवेव्ह ओव्हन माझ्याकडे दुरुस्तीला आणून ठेवला.

पुढे कळलं, तो सिग्नल खोटा होता. रेणू फिरताना स्फटिक तापत होता आणि ती ऊबच डिटेक्टर मायक्रोवेव्ह म्हणून मोजत होता, बस्स. तुम्हाला सांगितलं तेव्हा बशीत चहा ओतता ओतता थांबलात. एवढंच म्हणालात, "मग देवाक सांगूक व्हया."

मला वाटलं, घरातल्या देवाला सांगाल. तुम्ही पुढच्या गणपतीत, अख्ख्या सोसायटीसमोर सांगितलंत, "बा देवा महाराजा, गेल्या वर्साक मी जा काय सांगलंय ता चुकीचा होता. ती नुसती गरमी होती रे महाराजा!" लोक हसत हसत "व्हय महाराजा" म्हणाले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यापुढे तुम्ही मागितलंत, "खड्याचो आवाज असलो तर दिसांदे, नसलो तर ता पण दिसांदे." माझ्यासाठी याहून चांगलं मागणं अजून कुणी मागितलेलं नाही.

आता ऐका. या वेळी डिटेक्टरला ऊब लागणार नाही अशी व्यवस्था केली. सिग्नल आला. मग आम्ही डबीचं माप मुद्दाम जरासं बिघडवलं. स्फटिक तोच, गरमी तीच, पण सिग्नल गायब. माप परत जुळवलं, सिग्नल हजर. नुसत्या गरमीला डबीच्या मापाशी काय देणंघेणं? मी बाहेर येऊन थोडी रडले, कारण फोन कुणाला करायचा तेच कळेना.

अजून पुष्कळ तपासायचंय. दुसऱ्या कुणीतरी त्यांच्या लॅबमध्ये करून पाहायला हवं. पण मला आशा वाटतेय बाबा, खूप वाटतेय.

परबकाकांना म्हटलं, गाऱ्हाणं मी घालते. "बायलमाणसान घातलेला मी खय ऐकूक नाय," म्हणाले आणि उतरायला लागले. मग वळून बघितलं. "आवाज मात्र बापाशीचोच हा तुझो."

तर शब्द देते. "खडो बोललो" म्हणणार नाही. जेवढं दिसलं तेवढंच देवाला सांगेन, आणि चुकलं असेल तर पुढच्या गणपतीत तिथेच उभी राहून परत घेईन, शाहकाका कितीही हसले तरी. तुम्ही फक्त एक करा. "व्हय महाराजा" म्हणायला या, आणि सगळ्यांबरोबर एकदम म्हणा.

तुमची,
बाय