साखरपुड्याचा पेढा

ती. आई,

तुझ्या आणि अप्पांच्या पाया पडतो. माझी काळजी करू नको. खोकला गेलाय, खोलीवरच जेवण बनवतो. अप्पांचा गुडघा कसा आहे?

फोनवर आवाज चढला असता, म्हणून लिहितोय.

परवा टॅक्सीला पणजीहून गोकर्णचं भाडं होतं. नाशिकचे नवरा-बायको होते. कारवारला चहाला थांबलो, तेव्हा काकूंनी मला पेढा दिला. "रविवारी भाच्याचा साखरपुडा झाला. देवळ्याच्या गोटीराम देवरेंची सायली."

माझ्या सख्ख्या बहिणीचा साखरपुडा मला गाडीत बसलेल्या गिऱ्हाइकाकडून कळला, आई. त्यांनी फोटो दाखवला. सायली छान दिसत होती. तू मी पाठवलेली जांभळी साडी नेसली होतीस.

मी विचारलं, "मुलीला भाऊ नाही का?"

"आहे ना, दुबईला इंजिनिअर. सुट्टी नाही मिळाली बिचाऱ्याला."

ड्रायव्हर भाऊ दाखवायची लाज वाटत होती, तर तसं सांगायचं. मी आलो नसतो. पण रविवारी सकाळी तूच फोनवर म्हणालीस, "आज कांदा भरायचाय, नंतर बोलू."

काकूंनी माझं गाव विचारलं. मी सावंतवाडी सांगितलं आणि त्यांच्यासमोर पेढा खाल्ला. तुम्हाला खोटं पाडलं नाही.

उतरताना त्यांनी हौसेने माझ्यासोबत फोटो काढला. लग्नात त्या पुढेच असतील आणि मला लगेच ओळखतील. तेव्हा लग्नालाही मला सुट्टी मिळाली नाही, असंच सांगा.

सायलीला यातलं काही कळू देऊ नको.

तुझा,
महेश