सगळ्यात जड फाइल

अकाट्सी
४ जून २०२२

प्रिय एफो सेलोर्म,

तू कसा आहेस? वहिनी कशी आहे? मुलं केवढी झाली? दुकान नीट चाललंय ना? इकडे आम्ही बऱ्या आहोत. आईचे गुडघे धरतात, पण बाजारात अजून स्वतः जाते आणि मासळीवाल्या बायकांशी पहिल्यासारखीच भांडते.

मोठ्या भावाला नुसत्या नावाने हाक मारायची सवय आईने आपल्याला लावली नाही, म्हणून वर 'एफो' लिहिलंय. राग आला तर खोड. सहा वर्षं आपण बोललो नाही, माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी कुमासीच्या बसचा ड्रायव्हर अग्बेन्यो याच्या हाती देतेय. त्याला बजावलंय, दुकानात नेऊन दे, उत्तर माग, नाही दिलं तर वाद घालू नकोस.

काम असं आहे. माझ्या स्टुडिओतला कॉम्प्युटर गेला. फोटो शाबूत आहेत, ते वेगळ्या डिस्कवर होते, पण डबा मेला तो मेलाच. गेला तोही गुरुवारी, आणि शनिवारी एका म्हातारीचा अंत्यविधी. चौकात लावायचं तिचं पोस्टर अर्धवट. तिचा एकच धड फोटो होता आणि त्यात ती घरच्या फाटक्या झग्यात. तिचे नातू दर तासाला दारात येऊन विचारायचे, "ताई, आमच्या आजीला भारी कापड नेसवलंत का?" शेवटी रस्त्यापलीकडच्या छपाईवाल्याकडे बसून पुरं केलं. त्याच्या पडद्यावर रंग धड दिसत नव्हते. म्हातारी इतकी उजळ छापली गेली की तिच्या सख्ख्या बहिणीने विचारलं, ही कोण बाई?

नवा घ्यायची ऐपत नाही. आक्राला परदेशातल्या कचेऱ्यांनी वापरून काढलेले कॉम्प्युटर दुरुस्त करून विकतात, त्यातलाच घेणार. पण कोणाचं ऐकायचं? एक म्हणतो रॅम बघा. दुसरा म्हणतो ग्राफिक कार्ड नसेल तर फोटोचं काम विसरा. तिसऱ्याने विचारलं, "मॅडम, मुलांना गेम खेळायला हवाय का?" अठरा वर्षं मी हा धंदा करतेय, एफो, तरी त्या दुकानांत शिरलं की मला पहिलीतल्या पोरीसारखं वाटतं. तू आयुष्यभर हेच डबे उघडत आलास. काय घेऊ ते दोन ओळींत लिही.

बाबांच्या अंत्यविधीच्या वेळचं मी यात काही काढत नाही. तू आणि क्वाशिगा काका, तुमचं तुम्ही बघाल. मी फक्त कॉम्प्युटरचं विचारतेय.

तुझी धाकटी बहीण,
यायरा


अकाट्सी
१९ जून २०२२

प्रिय एफो,

तुझी चिठ्ठी मिळाली. वर तारीख नाही, खाली सही नाही, मधे कोणाची खुशाली नाही. आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "अक्षर त्याचंच आहे, पुढे वाच." मी वाचलं: "रॅम सोळा. आठ घेतलीस तर रडशील. एसएसडी हवीच. प्रोसेसर सहाव्या पिढीचा किंवा पुढचा. ग्राफिक कार्ड आत्ता नको, पण डबा उभा घे, चपट्यात नंतर बसत नाही. दुकानदार फुकट देईल तो पडदा घेऊ नकोस, बाजूने बघ, चेहरा राखाडी दिसला तर नको म्हण. तुझी सगळ्यात जड फाइल बरोबर ने, उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस."

आईने विचारलं, "रॅम म्हणजे काय?" मी म्हटलं, "काम करताना समोर पसरायचं टेबल. लहान असलं की सामान सारखं उचलून ठेवावं लागतं." तिला पटलं. 'रडशील' हा शब्द तिने दोनदा वाचायला लावला. सहा वर्षांत तू आमच्याशी बोललेला तेवढा एकच घरचा शब्द, एफो. मी दोन दिवस त्यावर खूश होते.

मंगळवारी आक्राला गेले. तीन दुकानं पाहिली. पहिल्याने आठ रॅमचा चपटा डबा दाखवला आणि वर म्हणाला, याच्यावर विमानसुद्धा चालेल. मी म्हटलं, मला विमान नको, पोस्टर चालवायचंय. दुसऱ्याकडे डबा बरा होता, पण पडदा बाजूने पाहिला तर काळे कपडे आणि काळे चेहरे एकच झाले. आपल्याकडे अंत्यविधीच्या फोटोत निम्मी माणसं काळ्यात. चेहरा कपड्यात बुडाला तर मी काम काय करणार? तू ती अट का घातलीस ते तिथे कळलं.

तिसरं दुकान ओबिरी नावाच्या माणसाचं. पन्नाशीचा, जाडा, बोलका. त्याने न मागता डब्याचं झाकण काढून आतलं दाखवलं. सोळा रॅम, एसएसडी, उभा डबा, सातव्या पिढीचा. वेगळा पडदा लावला, त्यात काळ्यावर काळं सुटं दिसत होतं. मी तुझ्या सांगण्याप्रमाणे डिस्क काढली आणि यादीत आकाराने सगळ्यात वर असलेली फाइल उघडायला दिली.

ती बाबांचं पोस्टर होती. दहा फुटी बॅनरसाठी केलेली, त्यामुळे एवढी जड. मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. आक्रात कोण ओळखतंय, असं मनाशी म्हटलं.

फाइल भराभर उघडली. ओबिरी खूश झाला. "बघा मॅडम, एकावर एक रचलेले हे थर एकेक बंद करतो, अडखळलं तर सांगा." त्याने बाबांच्या नावाचा थर बंद केला, चालू केला. मागचा रंग बंद केला, चालू केला. मी म्हटलं, "पुरे, घेते मी." तो म्हणाला, "घाई कशाला, गिऱ्हाइकाने नीट बघावं." मग त्याने खालच्या फोटोतल्या फुलदाणीचा थर बंद केला.

फुलदाणी गेली आणि तिथे तू उभा होतास. ईस्टरचा तो फोटो, आई-बाबा खुर्चीवर, मी उजवीकडे, तू डावीकडे, निळ्या शर्टात.

ओबिरी म्हणाला, "अरे! हा तर कुमासीचा सेलोर्म! माझ्याकडूनच पार्ट नेतो. हा फुलदाणीच्या मागे काय करतोय?" आणि मोठ्याने हसला. मी हसले नाही. मग तोही थांबला. डबा बांधता बांधता म्हणाला, "महिनाअखेरीस तो येईल, तेव्हा विचारतो त्याला."

म्हणून त्याच्या आधी मी सांगतेय. ती फुलदाणी मी ठेवली, एफो. पोस्टरवरच्या मुलांच्या यादीतून तुझं नाव मी काढलं. काकांनी नाही.

अंत्यविधीचं सगळं काकांच्या हाती होतं, पण त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं की पोस्टर लवकर कर. बाबा हॉस्पिटलात पाच आठवडे होते आणि रोज विचारायचे, सेलोर्म निघाला का? तू फोनवर म्हणायचास, दुकान आहे, पुढच्या आठवड्यात येतो. पुढचा आठवडा आला तेव्हा बाबा शवागारात होते. पोस्टर करायला बसले आणि त्या फोटोत तू हसत होतास. मला ते हसणं बघवेना. आधी फुलदाणी ठेवली, मग वाटलं, नावही कशाला? पाच मिनिटांचं काम होतं.

तू बसमधून चौकात उतरलास, भिंतीवर पोस्टर वाचलंस, स्वतःच्या बापाच्या मुलांत स्वतःचं नाव शोधलंस. मग सरळ काकांच्या अंगणात जाऊन सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर त्यांना चोर म्हणालास, जमिनीवरून डूख धरतात म्हणालास. मी तिथेच उभी होते. एका शब्दाने थांबवता आलं असतं. वडीलधाऱ्यांवर आवाज चढवला म्हणून त्यांनी तुला बकरा आणि दारूच्या बाटल्यांचा दंड ठोठावला, तू थुंकलास आणि गेलास, आणि दंड भरेपर्यंत घराण्याच्या अंगणात पाय ठेवायचा नाही असं ठरलं. तेव्हाही मी उभीच होते. आईला आजपर्यंत वाटतं, हे काकांनी केलं. ती त्यांच्याशी बोलत नाही.

माफ कर असं लिहायला बसले होते. पण तू ओरडलास ते चारचौघांत, दंड झाला तो चारचौघांत, मग माझी माफी बंद चिठ्ठीत कशी चालेल? आधी काकांकडे जाते.

यायरा


अकाट्सी
६ जुलै २०२२

प्रिय एफो सेलोर्म,

तुझं उत्तर आलं नाही. अग्बेन्यो म्हणाला, तू चिठ्ठी दुकानाच्या दारात उभ्यानेच वाचलीस आणि आत गेलास. तो थोडा वेळ थांबला, मग बस सुटायची होती म्हणून निघाला.

आईला आधी सांगितलं. तिने त्या दिवशी मला मक्याच्या पिठाचं अक्प्ले वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी वाढलं, पण भेंडीचं कालवण दिलं नाही. तिसऱ्या दिवशी उठली, डोक्याला कापड बांधलं आणि म्हणाली, "चल, मी येते बरोबर." काकांच्या अंगणात ती सहा वर्षांनी गेली.

वडीलधारे जमले. मी रिवाजाप्रमाणे बाटल्या पुढे ठेवल्या, गुडघ्यावर बसले आणि सगळं सांगितलं. कुणीतरी म्हणालं, "या पोरींच्या हातात मशीन दिलं की असंच होणार." काकांनी त्याला गप्प केलं. त्यांना आता नीट दिसत नाही, पण आवाज तोच आहे. म्हणाले, "मला ठाऊक होतं. पोस्टर हिच्याशिवाय करणार कोण? बाप नुकताच गेलेला, म्हटलं आठवड्याभरात स्वतःच बोलेल. आठवडा जरा लांबला." मला रडू आलं. आईने काकांचा हात धरला आणि त्या दोघांनी मला खुशाल रडू दिलं.

तुझा दंड फिटला. बकरा मी दिला, कारण तो माझ्यामुळे लागला होता. काका म्हणतात, आवाज चढवल्याबद्दल तू कधी भेटलास तर तुला दोन शब्द ऐकवणार आहेत. तेवढे ऐकून घे.

आता पोस्टरचं. नव्या कॉम्प्युटरवर पहिलं काम तेच केलं. फुलदाणीचा थर कायमचा पुसला. फाइल साठवायला चार सेकंद लागले, आधी चहा पिऊन यायचे. नावांच्या यादीत वर सेलोर्म, खाली यायरा. तेवढाच मोठा बॅनर छापला आणि शनिवारी सकाळी, लोक कोणाच्या ना कोणाच्या अंत्यविधीला निघतात त्या वेळी, चौकातल्या त्याच भिंतीवर लावला. खाली एक ओळ घातली: "सहा वर्षांपूर्वीचं पोस्टर चुकीचं होतं. चूक मुलीने केली होती."

एफो, मग जे झालं ते तू बघायला हवं होतंस. दुपारपर्यंत पाचजण सांत्वनाला घरी आले. टायर दुरुस्त करणारा म्हातारा काळे कपडे घालून आला आणि आईला म्हणाला, "पुन्हा गेले का?" आई म्हणाली, "नाही, पहिल्यांदाच गेले होते ते आता नीट लिहिलंय." लोक थांबून खालची ओळ वाचतात आणि माझ्याकडे बघतात. बाजारात एक बाई मला फुलदाणी म्हणाली. म्हणू दे. दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, ती परत येतील किंवा नाही येणार.

मी तुला घरी ये म्हणत नाही. तो हक्क मी घालवला. पण कुमासीहून अफ्लाओला जाणारी बस चौकात थांबते, आणि तू खाली उतरला नाहीस तरी डावीकडच्या खिडकीतून भिंत पूर्ण दिसते. बॅनर उन्हाने विटला की मी नवीन लावणार आहे. त्याची फिकीर करू नकोस.

तुझ्या नावाखालच्या ओळीतली,
यायरा