पाणघोड्याची शिवण

ती. दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला, त्याची आधी क्षमा मागतो. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. पहिल्यांदा चष्मा सापडला नाही, दुसऱ्यांदा सापडला पण तुमचा चेहरा आठवला, तिसऱ्यांदा गॅस बंद केला की नाही ते पाहायला गेलो (केला होता) आणि परत बसवेना. तुमची तब्येत कशी आहे? डोळ्यात थेंब वेळेवर घालता ना? अक्काचा गुडघा काय म्हणतो? फोन केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि अक्का मध्येच बोलते. ही गोष्ट मध्येच बोलण्याची नाही.

तर आपल्या कंपनीला पंच्याहत्तर वर्षे होत आहेत आणि कंपनी स्वतःचा इतिहास छापते आहे. जाड पुस्तक, आत रंगीत चित्रे. ते लिहिणाऱ्या बाई मागच्या महिन्यात माझ्याकडे आल्या. वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान, पण माहिती इतकी की मीच घाबरलो. दोघा भावांनी भाड्याच्या हॉलमध्ये बाहुल्यांचे खेळ सुरू केले, थोरले मालक चित्रे काढायचे, धाकटे मालक दारात तिकिटे फाडायचे; मग कार्टून आली, मग बागा, हॉटेले, चॅनेल, खेळणी, आणि आता तर जहाजसुद्धा (समुद्रात जाऊन लोक कार्टून का पाहतात, हे मी विचारले नाही). बाईंना सगळे पाठ. ठाऊक नव्हते ते एकच, की बागेतल्या पाणघोड्याच्या पोशाखाआत कोण होते.

ठाऊक होणार कसे? नियमच तसा होता. पाणघोडा खरा, त्याच्या आत माणूस नाही; आतून बोलायचे नाही, शिंक आली तर पाठ फिरवायची. हजेरीपटावर माझे खाते ‘हलते सामान’ असे लिहिलेले असायचे. एकतीस वर्षे मी हलते सामान होतो. निरोपाच्या दिवशीसुद्धा साहेब ‘आपले एक सहकारी’ एवढेच म्हणाले आणि माझ्या शेजारी बसलेल्या सुताराकडे पाहून हसले. आता घरी नात म्हणते, “आजोबा, पाणघोडा तुम्हीच कशावरून? आमच्या वर्गात सगळ्यांचेच आजोबा कोणी ना कोणी होते.” या वयात मी तिला काय दाखवू?

हल्ली कंपनी थोरल्या मालकांची नात चालवते. आतल्या माणसांची नावे पुस्तकात घालायला तिने परवानगी दिली आहे. पण नुसते नाव नाही, त्यामागे हकिकत हवी. माझ्याकडे हकिकत एकच, आणि ती तुम्हाला ठाऊक आहे.

पहिल्या बागेच्या उद्घाटनाचा दिवस. दुपारी चार वाजता मिरवणूक मैदानात आली, थोरले मालक भाषणाला उभे राहिले आणि पाणघोडा मध्येच फतकल मारून बसला. ते पाहून मुले बसली. मुले बसली म्हणून आया बसल्या, आया बसल्या म्हणून बाप बसले, शेवटी बँडवालेही बसले. पाच मिनिटे एवढ्या गर्दीत कोणी रडले नाही, कोणी हरवले नाही. तेव्हापासून कंपनीच्या प्रत्येक बागेत रोज चारला पाणघोडा बसतो आणि हजारो माणसे बसतात. त्यासाठी बसायला पाणघोड्याच्या तोंडाची उशीही विकतात. कुटुंबांनी घटकाभर एकत्र बसावे म्हणून थोरल्या मालकांनी तीन वर्षे विचार करून ही कल्पना काढली, असे पुस्तकात येणार आहे. खरे कारण त्या दिवशी तिघांनाच कळले: मालकांना, तुम्हाला आणि मला. पाणघोड्याची मागची शिवण गेली होती आणि आत मी फक्त पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर होतो.

दाजी, मी हे बाईंना सांगून बसलो. पोशाख कोणी शिवला, असे त्यांनी विचारले, तेव्हा तुमचे नाव तोंडून गेले. त्या म्हणाल्या, “काका, हकिकत झकास आहे, पण दुसरा साक्षीदार हवा.” मालक वारले. उरलात तुम्ही. येत्या मंगळवारी त्या तुमच्याकडे येतील. तुम्ही हो म्हणालात तर मी पुस्तकात जाईन, पण तुमची शिवणही जाईल. नाही म्हणालात तर मी आपला हलते सामान.

मी काय मागतो आहे ते मला कळते. त्या संध्याकाळी कपड्यांच्या खोलीचे दार लावून मालक तुम्हाला म्हणाले, “मास्तर, उद्यापासून पडदे शिवा. पडद्यांना चालावे लागत नाही.” आणि तुम्ही पुढे एकोणीस वर्षे पडदे शिवलेत (एकही कधी उसवला नाही, मी रोज त्यांच्यामागे उभा असायचो). अक्का अजून म्हणते, “यांच्या हातात दोष नव्हता, धागाच दगाबाज निघाला.” तेव्हा तुम्ही दूध पाहायला उठता.

बाकी क्षेम. अक्काला नमस्कार.

आपला मेहुणा

ता. क. – दाजी, शिवण उसवली नव्हती. मी कापली होती. आत जीव जाईल इतके उकडत होते, म्हणून वाऱ्यासाठी वीतभर कापली. बसता-उठता ती हातभर झाली. मालक तुम्हाला बोलत होते तेव्हा माझ्या डोक्यावर पाणघोड्याचे डोके होते आणि आतून बोलायचा नियम नव्हता. डोके काढता आले असते, हे मला तेव्हाही कळत होते. बाईंच्या रेकॉर्डिंगच्या यंत्रासमोरही माझी जीभ रेटली नाही. तेव्हा मंगळवारी तुम्हीच सांगा, की मेहुण्याने कापली. मग माझे नाव छापोत न छापोत.

दुसरा ता. क. – काल पाकीट चिकटवताना मनात आले, की कापलेली शिवण आणि उसवलेली शिवण शिंप्याला वेगळी दिसत नाही असे होईल का? तुम्हाला त्याच दिवशी कळले होते का? तेव्हापासून जेवण जात नाही. कात्री तुमच्याच डब्यातली होती, अजून माझ्याकडे आहे. पोस्टाने पाठवू की घेऊन येऊ, एवढे तरी मंगळवारच्या आत कळवा.