दाक्षायणीची तेरावी खेळी

मी, चनबसप्पा ईरप्पा हत्तुरे, वय एकाहत्तर, गिरणीतला निवृत्त जॉबर, राहणार साखर पेठ, सोलापूर. वय झालं, पण डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

१. राहतं घर मुलगा सिद्रामप्पा यास. पोस्टातली शिल्लक मुलगी दाक्षायणी हिला. त्यावरून भांडू नये.

२. शेजारी बिरप्पा बुद्धिबळात हरायला लागला की पटाला गुडघा लावून डाव उधळतो. त्याला एक प्यादंही देऊ नये. तो साक्षीदार असल्याने कायद्यानेही देता येत नाही म्हणे, हे बरं झालं.

३. बुद्धिबळाचा पट, शिसवी मोहरी आणि १९५८ सालच्या डावाच्या खेळ्या लिहिलेला कागद दाक्षायणीस. याचं कारण लिहिणं भाग आहे.

आम्ही घरी देशी डाव खेळायचो. त्यात राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. १९५८ साली दाक्षायणी पुण्याच्या स्पर्धेत उतरली, तिथे नवे नियम होते. नियमांचा कागद घरी आला होता. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जातं, एवढंच वाचून मी तो खिशात घातला. खेळायच्या दिवशी सकाळी पोरीने विचारलं, "अप्पा, राजाची उडी तितं चालती का?"

मी म्हटलं, "चालती की! राजाला कोण अडवणार?"

तेराव्या खेळीला तिने राजा उचलला. पंचांनी उडी नाकारली. हात लावलेला राजा हलवावाच लागला, आणि डाव गेला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी सगळ्यांदेखत तिलाच म्हटलं, "साधे नियम कळत न्हाईत तुला?" सोळा वर्षांची होती. तिने खरं काय ते कोणालाही सांगितलं नाही, आणि पुन्हा मोहऱ्याला हात लावला नाही.

अठरा वर्षं मी तो डाव मांडतो आहे. सुरुवातीच्या बारा खेळ्या उलटसुलट करून पाहिल्या. तिची चूक सापडावी म्हणून, खोटं कशाला सांगू? एकही सापडली नाही. बाराव्या खेळीपर्यंत डाव तिचाच होता. चूक माझी होती. हे कलम सर्वांसमोर मोठ्याने वाचावं.

४. (सहीआधी वाढवलेलं.) साक्षीदारांची वाट पाहत असताना दाक्षायणी दुधनीहून आली. बारा खेळ्यांपर्यंत मांडलेला डाव पाहून म्हणाली, "अप्पा, किती धूळ बसलीय की." मोहरी उतरवून पट पुसला, पदराने एकेक मोहरं पुसलं, आणि कागद न बघता सगळी जिथल्या तिथे ठेवली. तिचा राजा तेवढा उचलला नाही. जागेवरच पुसला.

सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि "चहा घेणार का?" एवढंच विचारलं. सबब कलम ३ कायम.

सोलापूर, दि. १४ मार्च १९७६
सही: चनबसप्पा ईरप्पा हत्तुरे

आमच्यासमोर सही केली:
१. बिरप्पा मायाप्पा पुजारी
२. हणमंत भीमा शिवशरण