अर्धा आड वेंकूबाईंना

एका बोअरची खरी किंमत अशी: डिझेलची दोन पिंपं, केसिंगचे नऊ पाइप, चार माणसांची अडीच दिवसांची मेहनत, आणि शेजारचा एक आड. पहिल्या तिन्हींचं त्याच आठवड्यात मिटवलं. चौथ्यासाठी हे मृत्युपत्र.

मी, रघोजी बाळकृष्णराव, वय शहात्तर, पूर्वीचा धंदा बोअर मारणे, राहणार राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कान उत्तम आहेत, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं. कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने मी हे लिहीत नाही. याआधी तमिळमध्ये केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. हे मराठीत आहे, कारण शेजारच्या वेंकूबाई फक्त पोथीची अक्षरं वाचतात. माझा मुलगा मराठी वाचत नाही, पण ऐकली की त्याला सगळं समजतं. म्हणून तेराव्या दिवशी हे आडाजवळ, गल्लीसमोर, मोठ्याने वाचावं. एकट्याला सांगितलेलं तो विसरतो.

कलम १. राहतं घर मुलगा सतीशकुमार याला. हे मला वडिलांकडून आलेलं नाही. सोळाव्या वर्षी तिरुवैयारुला हातपंपाचे पाइप डोक्यावर वाहिले, पुढे स्वतःचं यंत्र घेतलं. पाइपाला कान लावला की खाली चिकणमाती लागली की वाळू, हे मला कळायचं. सहाशेच्या वर बोअर मारले, एकही कोरडा गेला नाही. कोरडे गेले ते शेजारचे आड. बँकेतली शिल्लक सतीशकुमार आणि मुलगी भुवना यांना निम्मी निम्मी.

कलम २. परसातला आड आमच्या आणि वेंकूबाईंच्या सामाईक भिंतीखाली आहे. अर्धं तोंड इकडे, अर्धं तिकडे, दोन्ही बाजूंना रहाट. माझी कैलासवासी पत्नी मंगला आणि वेंकूबाई आडात वाकून तासन्‌तास बोलायच्या. चेहरे दिसायचे नाहीत, आवाज घुमून यायचा. १९९८ साली मी त्या आडापासून बारा पावलांवर बोअर मारला. दुसऱ्या उन्हाळ्यात आडातून वेंकूबाईंचा आवाज आला, "रघू, बादली कोरडी आली. तुझ्या नळाला आहे का?"

"भरपूर आहे, अक्का. हवं तेवढं न्या."

"मी मागितलं नाही. विचारलं."

त्यानंतर त्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या लॉरीपुढे घागर घेऊन उभ्या राहू लागल्या. माझ्या नळाचा एक तांब्या त्यांनी घेतला नाही. मंगलाने भिंतीवरून रबरी नळी टाकली, ती दुसऱ्या दिवशी नीट गुंडाळून परत आली. वर मंगलासाठी वांग्याची भाजी होती.

गेल्या पोंगलला सतीशकुमार गच्चीवर फोनवर बोलत होता. अप्पांच्या नंतर आड बुजवायचा, त्यावर चार गाड्या उभ्या राहतील, फ्लॅटसाठी आणखी दोन बोअर मारायचे, असं तो बिल्डरला सांगत होता. पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून बोललेलं खाली न्हाणीघरात स्पष्ट ऐकू येतं, हे त्याने आता जाणून घ्यावं.

सबब आडाचा माझा अर्धा भाग आणि सभोवतालची तीन फूट जागा मी वेंकूबाईंना देत आहे. त्यांच्यामागे त्यांच्या घरात जो राहील त्याची. त्यांनी ती नाकारली, तर गल्लीतल्या सगळ्या घरांची मिळून. कोणत्याही परिस्थितीत गाड्यांची नाही.

कलम ३. ~~माझ्या तेराव्यानंतर~~ घरचा बोअर टोपण घालून कायमचा बंद करावा. हे काम तीस वर्षं माझ्या हाताखाली राबलेल्या शिवकुमारने करावं. चेन पाना, तिकाटणं, साखळ्या आणि कप्पी ही माझी सगळी हत्यारं त्याला. अट एकच: दहा घरांच्या आत जिवंत आड असेल तिथे त्याने यंत्र उभं करू नये. सतीशकुमारने बोअर पुन्हा उघडला, तर घराचा अर्धा हिस्सा भुवनाचा. तिला फ्लॅटची हौस नाही, मी विचारून घेतलं आहे.

कलम ४. छपराचं पाणी जमिनीत मुरवायची सरकारने सक्ती केली त्या वर्षी गल्लीतल्या नऊ घरांना मी नळ बसवले. वरून छपराला जोडलेले, खालून कशालाच नाही. तपासायला आलेला माणूस वर बघून गेला. वीस वर्षं ते नळ भिंतीवर नुसते शोभेला होते. २०२३च्या जूनमध्ये मी खुर्चीत बसून आणि शिवकुमारने उन्हात राबून ते नऊही खरे केले. तळाशी खड्डा, त्यात विटांचे तुकडे, जाडी वाळू, कोळसा, आणि तिथून आडात. ऑगस्टमध्ये मी गुडघ्याचं ऑपरेशन होऊन खाटेवर पडलो होतो, तेव्हा भिंतीपलीकडे बादली चिखलावर न आपटता पाण्यात बुडाली. तो आवाज मी चोवीस वर्षांनी ऐकला. गल्लीचं पाणी गेलं माझ्यामुळे, पण परत आणलंही मीच, हे कोणी नाकारू नये. दरवर्षी ऑक्टोबरच्या पावसाआधी छपरं झाडून खड्ड्यातली वाळू बदलावी, घरांच्या क्रमाने पाळी लावून.

कलम ५. भुवनाच्या लग्नातले स्टीलचे दोनशे पेले गल्लीला. कोणाकडेही कार्य असो, ते न्यावेत, घासून परत करावेत. कागदी कप आणि पाण्याच्या पाकिटांनी गटार तुंबलं की पहिलं पाणी माझ्याच उंबऱ्यावर येतं. तेराव्याचं जेवण परसातल्या केळीच्या पानांवर वाढावं, उष्टी पानं मागच्या खतखड्ड्यात टाकावीत. स्वयंपाकघरातलं सांडपाणी मोरीतून केळींना जातं, ती मोरी सतीशकुमारने सिमेंटने बुजवू नये. माझा फोटो छापलेला फ्लेक्स कोपऱ्यावर लावू नये. मेलेला माणूस आठ महिने पावसात हसत राहतो, मग फाटून गटारात जातो.

कलम ६. सायकल नात लक्ष्मीप्रियाला. कॉलेज दीड किलोमीटरवर आहे, तिला स्कूटर हवी आहे. आधी सायकल झिजवावी.

साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून भरद्वाजरावांना काही नाही. त्यांना चुका काढण्यापलीकडे काही नकोच असतं.

सहीपूर्वीची जोड. भरद्वाजराव निवृत्त विज्ञान शिक्षक. वेंकूबाईंच्या बाजूने आडात गाठी मारलेला दोर सोडून ओल्या गाठी मोजायच्या आणि वहीत लिहायच्या, हा त्यांचा रोजचा नेम. कलम ४ ऐकल्यावर त्यांनी घरून वही मागवली आणि विचारलं, "रघोजीराव, त्या वर्षी तुमच्या बोअरची मोटर कधी जळली?"

मार्चमध्ये, मी म्हटलं. माझी मोटर वर काढायला मी दुसऱ्याच्या हाती देत नाही, म्हणून गुडघा बरा होईपर्यंत, सप्टेंबर अखेरपर्यंत, ती बंद होती. त्यांनी पुढचं पान दाखवलं. मोटर सुरू केल्यावर गाठी पुन्हा कोरड्या होत गेल्या होत्या. कावेरीला धरणाचं पाणी सुटलं होतं, असं मी म्हटलं. ते दरवर्षी सुटतं, असं ते म्हणाले.

म्हणून कलम ३ मधले पहिले दोन शब्द मी खोडले आहेत. शिवकुमार येत्या सोमवारी टोपण घेऊन येतो. वेंकूबाईंना मी आडातून हाक मारून सांगितलं. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या.

ठिकाण: तंजावूर. तारीख: १४ सप्टेंबर २०२५.

सही: रघोजी बाळकृष्णराव

आमच्यासमोर वाचून, समजून सही केली. साक्षीदार:

१. सुब्रमण्यम, निवृत्त पोस्टमन, पुढची गल्ली.

२. भरद्वाज. वहीतली नोंद पडताळून लिहितो: आडात पाणी दिसलं ११ ऑगस्ट २०२३. छपरांच्या नळांतून आडात पहिलं पाणी पडलं २२ ऑक्टोबर २०२३.