बोटांवरचा जप

मानवत, कार्तिक वद्य पंचमी, शके १८६३. दिवेलागण.

परभणीच्या हकीमसाहेबांनी आज यांचा हात धरून सांगितलं, हा कंपवात आहे. उतारवयात कुणालाही होतो, पाप-पुण्य बघत नाही. हात मांडीवर टेकला की अंगठा बोटांवर फिरत राहणार. चेहराही असाच थिजत जाणार.

आणि गावाला वाटतं, पुजारीबुवा अखंड जप करायलेत! मलाही वर्षभर तेच वाटलं ना? हे हसेनासे झाले, तर म्हटलं, वैराग्य आलं.

परभणीहून परत आलो तर देवळाच्या ओट्यावर झरी गावची एक बाई तापलेलं लेकरू घेऊन बसलेली. यांनी आशीर्वादाला हात उचलला आणि तो अंगठा थांबला. उचलला की थांबतोच. ती रडायलाच लागली. "माय, माझ्या लेकरासाठी महाराजांनी जप थांबवला!" निश्चिंत होऊन घरी गेली. औषध घ्यायला कुठं गेली नाही.

मग हे पुटपुटले, "सांग ना त्यांना. मी जप करत नाही. हा अंगठा माझ्यानं थांबवतच नाही गं."

कुणाला सांगू? हकीमसाहेब म्हणाले, पुढं दुसऱ्या हातातही उतरेल. मग लोक म्हणतील, महाराज आता दोन्ही हातांनी जपायलेत.