दोन रानांमधली पट्टी

अण्णा, मी सही करणार नाय. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगतो. आपल्या सोयगावच्या शेतातली ती पडीक पट्टी, जिच्या एका अंगाला अभयारण्य अन् दुसऱ्या अंगाला डोंगरापल्याडचं रान, तिथं एकाला हॉटेल बांधायचंय, चहूबाजूंनी भिंत घालून. थोरल्या भावानं वाळूजहून फोन केला, कंपनीच्या बसमधूनच. म्हणाला, "तू तिकडं गुजरातेत भट्टीवर फरश्या भाजतो, तुला पट्टीचं काय पडलंय? बिबट्या काय तुला पत्र धाडतो व्हय?" मी म्हणलो, "तुलाबी धाडत नाय. तरी तू त्याची वाट विकायला निघालास." त्यानं फोन कापला. पुन्हा केला, तर मी उचलला नाय.

ह्या पट्टीवरून मी तुमच्याशी जेवढा भांडलो तेवढा कुणाशीच नाय. तुम्ही फॉरेस्टात रोजंदारीवर, घरची जमीन एवढीशी, त्यात मधली पट्टी रानातल्या जनावरांना सोडलेली. गाव तुम्हाला बिबट्याचा सासरा म्हणायचं. दिवस कलला की तुम्ही आईची पिठाची चाळणी उचलता, पट्टीवर आडवी माती चाळता, तळहातानं सपाट करता. सकाळी कुणाचं पाऊल उमटलं ते बघायला. आई चुलीपुढून ओरडती, "आता पीठ कशानं चाळू?" तुम्ही म्हणता, "नको चाळू. कोंड्याच्या भाकरीत ताकद असती." सातवीत शाळा सोडलेल्या मला तुम्ही तेवढंच वाचायला शिकवलं: ही सायाळ, हा कोल्हा, ही बिबट्याची मादी, मागं पिल्लू. एकदा मी चिडून विचारलं, "सरकारनं एवढं अभयारण्य दिलंय की त्यांला, मग आपली पट्टी कशाला?" तुम्ही मातीवरची नजर न काढता म्हणालात, "घर दिलं म्हणून झालं का? सोयरिकीला जायला वाट नको? एकाच रानात कोंडली तर घरातल्या घरातच लग्नं लावतील. ह्या रानाचा हात त्या रानाला, त्याचा पुढच्याला. तेव्हा कुठं जनावर टिकतं."

मग तुमचं ऑपरेशन झालं, तुम्ही शहरात दवाखान्यात पडून होता, तवा पट्टी नांगरलेली दिसली, ओळीनं तास पडलेले. खाटेजवळ बसून मी तुम्हाला सांगितलं, "रानडुकरांनी उकरली." घरी आल्यावर तुम्ही काठी टेकत बांधावर गेलात. काठीनं एक ढेकूळ परतलंत. "लई शिकलेलं डुक्कर दिसतंय," म्हणालात, "सरळ तास घालतंय." मला वाटलं, आता काठी पाठीत पडती. तुम्ही चाळणी मागितली. माती चाळून तळहातानं सपाट केली. तिसऱ्या सकाळी त्या मातीवरून मादी गेली होती.

तुमच्यासाठी करतोय असं मात्र समजू नका. वर्षातून एकदा मला इथून घरी यायला रस्ता लागतो. त्याच्यात कुणी भिंत घातली तर मी गप बसन का? मग त्या मादीनं का बसावं? थोरल्यानं खुशाल कोर्टात जावं, गावानं हसावं. माझ्या सहीशिवाय तिथं एक वीट बसत नाय. दिवाळीला आलो तवा चाळणी काढली, गंजलीय, पण माती चाळती.

हे लिहिलेलं तुम्हाला धाडायचं तरी कुठं? घडी घालून कपड्यांच्या पेटीत ठेवतो. एवढंच सांगायचं राहिलं होतं. ट्रॅक्टर मीच घातला होता, अण्णा, कापूस लावायला. तुम्हाला कळलंय हे मला तिथं बांधावरच कळलं होतं, अन् तरी मी डुकरावरच ठाम राहिलो.